गोड्या पाण्यातला दर्या

मार्व्याच्या जेट्टीवरून होडीत बसलं की समोर मनोरी. हातातला चहा निवायच्या आत माणूस पलीकडे पोचतो. पण आबांना घेऊन जायचं म्हटल्यावर होडीचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. म्हणून भांडुपची ही मंडळी सौरभच्या गाडीत कोंबून बसली, दहिसर, भाईंदर, उत्तन असा अख्खा वळसा घातला आणि दुपारी रिसॉर्टच्या फाटकात अंग झाडत उतरली. याला स्टेकेशन म्हणतात, लांब कुठे जायचंच नाही, आपल्याच शहरात पाय पसरायचे, असं सौरभ वाटभर सांगत होता. एवढ्या वेळात आपण खेडच्या पुढे गेलो असतो, असं त्याची वहिनी वैजू शेवटी म्हणालीच.

आता होडी का नाही, तर आबांच्या घराण्यात दर्या चालत नाही.

प्रत्येक घरात काहीतरी चालत नसतं. कुणाकडे बाईमाणूस कोहळा चिरत नाही, कुणाकडे सोमवारी लांबचा प्रवास करत नाहीत. का, ते कुणी विचारत नाही. चालत नाही म्हणजे चालत नाही, विषय संपला. आबांचा, म्हणजे गुणाजीचा, मोठा भाऊ धोंडू गलबतावर खलाशी म्हणून गेला तो परत आला नाही. तेव्हा त्यांच्या आईने ग्रामदेवतेपुढे हातावर पाणी घेऊन शब्द दिला होता, की यापुढे या घरातलं पाऊल दर्यात पडणार नाही. गुणाजी पुढे मुंबईला आला, गिरणीत लागला, गिरणी गेली तरी राहिला, म्हातारा झाला. तिन्ही बाजूंनी समुद्र असलेल्या या शहरात राहून त्याने एकदाही पाय भिजू दिले नाहीत. त्यांचा गणपतीसुद्धा तलावात जातो.

अशा माणसाला समुद्रकाठच्या रिसॉर्टवर आणायची अक्कल सौरभची नव्हती. ती नातीची, मानसीची. तिने काकाला पढवलं आणि काकाने ऑफिसच्या कुपनांचं निमित्त केलं. आबा समुद्र बघायला तयार होते. बघायला कुणी बंदी केलेली नव्हती.

खोलीत शिरल्यावर आबांची बायको मालन दारातच थबकली. पलंगावर टॉवेलांचे दोन बगळे करून ठेवले होते, चोचीला चोच लावून. ते मोडायचं पाप कोण करणार, म्हणून ती खुर्चीच्या कडेला टेकली. मग न्हाणीघरातला टब बघून आली आणि वैजूला म्हणाली की यात अख्ख्या चाळीच्या गोधड्या भिजतील गो. वैजू हसली, तिने पडदा सरकवला, आणि मालनचं बोलणं तिथेच थांबलं.

खाली माडांची रांग होती आणि माडांपलीकडे सगळा दर्या. ओहोटी होती, पाणी लांब गेलेलं, होड्या चिखलात कलंडलेल्या, आणि मधली ओली वाळू आरशासारखी चकाकत होती. मालनचं माहेर दर्याकाठचं. पोरपणी ती रोज ओहोटीला टोपली घेऊन तिसऱ्यांचे शिंपले काढायला जायची, कमरेपर्यंत भिजून घरी यायची. लग्न झालं आणि सासूने पहिल्याच दिवशी सांगितलं, आमच्यात दर्या चालत नाय. माहेर सुटल्याचं दुःख सगळ्यांना दिसलं, दर्या सुटल्याचं कुणाला दिसलं नाही. ती खिडकीच्या काचेला हात लावून उभी राहिली. एवढं मोठं काहीतरी आपल्या वाट्याला होतं आणि आपण ते मुकाट्याने सोडून आलो, याचं तिला आज पहिल्यांदाच नवल वाटलं.

तिच्या पिशवीत नारळ होता. नवीन जागी रिकाम्या हाताने जायचं नसतं, म्हणून आणलाय, असं तिने विचारलेल्या आणि न विचारलेल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

जेवणाच्या टेबलावर मानसीने विषय काढला. बांगड्याची थाळी समोर, आबा काटे काढण्यात गढलेले. मानसी मर्चंट नेव्हीचा कोर्स करत होती हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त आबांना ते 'शिपिंगचं शिक्षण' असं सांगितलेलं होतं आणि शिपिंग म्हणजे फोर्टातलं एसी ऑफिस अशी त्यांची समजूत कुणी मोडलेली नव्हती. ती समजूत मानसीने आज मोडली. पुढच्या महिन्यात सिंगापूरला जाऊन जहाज धरायचंय, डेक कॅडेट, म्हणजे शिकाऊ अधिकारी म्हणून, आणि जायच्या आधी आबांनी आपल्यासाठी गाऱ्हाणं घालावं, एवढंच मागणं आहे, असं तिने एका दमात सांगून टाकलं.

"आमच्यात दर्या चालत नाय, बाय," आबा म्हणाले आणि त्यांनी सोलकढीची वाटी जवळ ओढली.

"आबा, मासे चालतात आणि दर्या चालत नाही, हे कसं काय?"

सौरभला ठसका लागला. मानसीचा बाप, नितेश, तिच्यावर डाफरला की मोठ्यांशी बोलायची ही काय रीत. आबा मात्र रागावले नाहीत. त्यांनी बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि मान हलवत राहिले, पोरीला समजत नाही तर आपण काय करणार, अशी.

नितेशला मनातून हुश्श झालं होतं, आणि ते त्याच्या बायकोने, वैजूने, बघितलं.

या हुश्शमागे एक करार होता. जहाजाचं पत्र आलं त्या दिवशी मानसीने बापाला विचारलं आणि नितेश म्हणाला होता, "आबांनी गाऱ्हाणं घातलं तर मी अडवणार नाही." किती उदार बाप, असं वाटेल कुणाला. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे उभं राहून घातलेलं साकडं. घरातल्या मोठ्याने एकेक मागणं बोलायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार भरायचा. त्यांच्या घरात गाऱ्हाण्याशिवाय कुणी नव्या कामाला गेलं नव्हतं, आणि आबा दर्यासाठी जन्मात गाऱ्हाणं घालणार नाहीत हे नितेशला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच तर तो उदार झाला होता.

दुपारी गॅलरीत वैजूने त्याला गाठलं. इतके दिवस ती नवऱ्याच्याच बाजूची होती. एकुलती एक पोर, जहाजावर सगळे पुरुष, रात्रंदिवस पाणी, हे तिलाही नकोच होतं. पण जेवणाच्या टेबलावर पोरीचा चेहरा उतरलेला आणि नवऱ्याचा उजळलेला तिने एकाच नजरेत पाहिला होता, आणि तिथे तिचं मन फिरलं.

"तुम्हाला नाही म्हणायचंय ना, मग स्वतःच्या तोंडाने म्हणा," ती म्हणाली. "म्हाताऱ्या माणसाचं तोंड कशाला वापरता?"

खाली वाळूवर कुणाचीतरी पोरं पाण्याकडे धावत होती आणि नितेश त्यांच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. त्याच्या लहानपणी, मे महिन्यात गावी असताना, तो असाच एकदा धावला होता. गुडघाभर पाण्यात गेला होता, फक्त गुडघाभर. आबांनी किनाऱ्यावरून हाक मारली, बाहेर बोलावलं आणि वेताच्या छडीने फोडून काढलं. आबांनी आयुष्यात मारलं ते तेवढंच. तेव्हापासून समुद्र बघितला की त्याच्या पोटऱ्या आखडायच्या. हे त्याने वैजूला कधी सांगितलं नव्हतं आणि आजही सांगितलं नाही.

आबांना दुपारची झोप लागली ती लागलीच. जाग आली तेव्हा खोलीत कुणी नव्हतं. पलंगाच्या पायथ्याशी बगळे मात्र अजून शाबूत होते. आबांनी पायजम्याची नाडी नीट केली, चष्मा लावला आणि माणसं शोधत बाहेर पडले. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं, त्यामुळे निम्मं जग त्यांना धुक्यातच दिसायचं. दुपारी ते ज्या बाजूने आले होते त्याच्या नेमके उलट वळले, एक दगडी कमान ओलांडली आणि जागच्या जागी उभे राहिले.

समोर चार पायऱ्या होत्या आणि पायऱ्यांशी दर्या आला होता.

दुपारी लांब चिखलापलीकडे गेलेलं पाणी आता त्यांच्या चपलांपासून हातभर अंतरावर होतं. सूर्य बुडायला आलेला, पाणी सगळं केशरी. कुठे बांध नाही, कड नाही. पायरीपासून निघालेलं पाणी सरळ आभाळापर्यंत गेलं होतं आणि कुठे पाणी संपतं नि कुठे आभाळ सुरू होतं ते सांगता येत नव्हतं. लाट नव्हती. गाज होती ती कुठूनतरी खोलवरून येत होती. आबांना आधी भीती वाटलीच नाही. त्यांचा नुसता श्वास थांबला. ज्याच्यापासून जन्मभर लांब राहिलो तो इतक्या मुकाट्याने आपल्या पायाशी येऊन उभा राहील, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

मग त्यांना पार टोकाला, जिथे पाणी आभाळाला लागलं होतं तिथे, एक डोकं दिसलं. खांद्यापर्यंत पाण्यात, पाठमोरी, दोन्ही हात पसरलेली. मानसी.

आबांनी हाक मारली. ती वळली नाही. त्यांनी पुन्हा मारली. धोंडूचं गलबत सुटलं तेव्हा पोरवयाचा गुणाजी असाच किनाऱ्यावरून हाका मारत राहिला होता, आणि पुढे जन्मभर त्याला एकच वाटत आलं होतं, की हाका मारण्याऐवजी पाण्यात शिरलो असतो तर.

म्हातारा पायऱ्या उतरला. पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, पायजमा फुग्यासारखा फुगला. पलीकडून गार्डने शिट्टी फुंकली, काहीतरी ओरडला, कॉश्च्यूमशिवाय उतरायचं नाही म्हणून. आबांना ते ऐकूच आलं नाही. ते पाणी हातांनी बाजूला सारत, तोंडाने देवाचं नाव घेत, टोकापर्यंत गेले आणि त्यांनी नातीचं मनगट धरलं.

"चल घराक," ते म्हणाले. "भरती चढता हा."

मानसीने वळून बघितलं आणि तिला क्षणभर काही समजेना. आबा पाण्यात. छातीपर्यंत पाण्यात. त्यांची पकड अशी, की तिची हाडं दुखली. मग तिच्या लक्षात आलं की आबांना काय वाटलं असेल. ती हसली नाही. हसला तो सौरभ. तो काठावर चहा पीत बसला होता, तिथूनच म्हणाला, "आबा, अहो तो समुद्र नाही, स्विमिंग पूल आहे. समुद्र खाली आहे, लांब."

आबांनी ओंजळभर पाणी घेतलं आणि जिभेला लावलं.

"अळणी असा," ते म्हणाले.

मग काय, आसपासच्या खुर्च्यांवरची अनोळखी माणसंसुद्धा हसली. वैजू तोंडाला पदर लावून हसली, मालन हसता हसता टॉवेल घेऊन धावली. टोकाला पाणी एका कठड्यावरून पलीकडे सांडत होतं, त्या कठड्याला धरून आबांनी खाली बघितलं. खरा दर्या तिथे होता, माडांच्या खाली, अजून बराच दूर, सूर्य गिळत असलेला. ते कितीतरी वेळ तसेच बघत राहिले. शेवटी मानसीने त्यांना हात धरून बाहेर आणलं, मालनने त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला, आणि सगळ्यांचं हसणं ओसरल्यावर आबा बोलले.

"पण मी दर्यातच उतारलंय."

सौरभ पुन्हा समजवायला लागला, तर आबांनी त्याला हाताने गप्प केलं.

"ह्या तळा म्हणान माका खय म्हायत होता? मी दर्या समजानच पाय टाकलंय. देवाक माणसाचा मन दिसता, पाणी दिसणा नाय. आयेन दिलेलो शब्द माझ्याच पायान मोडलो." ते थांबले, त्यांनी स्वतःच्या ओल्या पायांकडे बघितलं. "आणि बग, काय एक झाला नाय. चेडवाक घेवन भायर इलंय."

मालन टॉवेलने त्यांना पुसता पुसता थांबली. मग म्हणाली, "मगे आता गाऱ्हाणा घालूक काय अडचण?"

आबा म्हणाले, कसलीच नाय. सकाळी घालूया.

सगळ्यांच्या माना नितेशकडे वळल्या. तो इतका वेळ खांबाला टेकून उभा होता, आणि आता त्याचा चेहरा असा झाला होता की सौरभनेसुद्धा चहाचा कप खाली ठेवला.

"मी गुडघाभर पाण्यात गेलो होतो, आबा," तो म्हणाला. "मला छडीने मारलंत. आणि हिच्यासाठी गाऱ्हाणं घालताय?"

आबा खुर्चीत खचल्यासारखे बसले. ओल्या पायजम्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"मारलंय," ते म्हणाले. "माका मारूक येय होता, रे. पाण्यात उतराक येय नाय होता."

नितेश वळून चालू लागला. वैजूने त्याला त्याच्या कराराची आठवण करून दिली, हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही अशी. शब्द दिलाय तो पाळीन, अडवणार नाही, पण माझ्याकडून होकाराची अपेक्षा करू नका, एवढं बोलून तो खोलीत गेला. जेवायलाही आला नाही. वैजूने ताट वर नेलं तेव्हा तो गॅलरीत बसला होता, आणि तेव्हा कुठे त्याने तिला ती मे महिन्याची गोष्ट सांगितली.

सकाळी पाणी उतरायला लागलं होतं. मालनने नारळ धुतला, त्याला हळदकुंकू लावलं, ती डबीही तिच्या पिशवीत निघाली तेव्हा सौरभने आईपुढे हात जोडले. सगळे वाळूवर आले. पाठीमागून ऊन येत होतं आणि समोर दर्या राखाडी, निळा, मग आणखी निळा होत गेलेला. क्षितिजावर एक मालवाहू जहाज उभं होतं, नखाएवढं. अशाच एका जहाजावर आपण असणार, या विचाराने मानसीच्या अंगावर काटा आला. कोर्समध्ये त्यांनी जहाजाचे भाग पाठ करून घेतले होते, लाटांची नावं शिकवली होती. हे एवढं मोठं असतं, हे मात्र शिकवून कळण्यासारखं नव्हतंच.

नितेश आला होता. जरा मागे, सुरूच्या झाडाखाली, हात खिशात घालून उभा होता.

आबांनी चपला काढल्या. ओल्या वाळूत उभे राहिले, पहिली लाट त्यांच्या बोटांवरून गेली तेव्हा डोळे मिटून घेतले, आणि मग त्यांचा आवाज लागला. घरात सत्यनारायणाला लागतो तो नव्हे, गावच्या देवळात लागायचा तो.

"बा देवा म्हाराजा! आज जो काय ह्यो नारळ तुज्या पायाकडे ठेवलेलो असा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मालन, वैजू, सौरभ आणि मानसी म्हणाले.

"माझ्या आयेन दिलेलो शब्द माझ्या हातसून मोडलो असा, तेची चूक पदरात घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"माझा नातू म्हणा, नात म्हणा, ह्या एकच लेकरू असा. ता तुज्या पाठीर बसान दूर देशाक जाता हा. जसा नेशीत तसाच परत हाडून घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वैजूचा आवाज मधेच फुटला, पण ती म्हणाली.

आबांनी नारळ पाण्यात सोडला. लाट आली, नारळ उचलला, थोडा आत नेला आणि पुढच्या लाटेने तो परत आणून आबांच्या पायाशी टाकला. सौरभ म्हणाला, होतं असं, वाऱ्यामुळे. आबांनी पुन्हा सोडला. तो पुन्हा आला.

"एक व्हय कमी पडलो," मालन म्हणाली. तिने मागे वळून बघितलं नाही.

मानसी नारळ उचलायला वाकली, तेवढ्यात तिच्या पुढून एक हात आला. नितेशने नारळ उचलला होता. बूट घातलेलेच होते. तो पाण्यात शिरला. गुडघ्यापर्यंत पाणी आलं तिथे तो थांबला, आणि त्याच्या पोटऱ्या थरथरताना मानसीला काठावरून दिसल्या. तिला वाटलं, बाबा आता परत फिरतील. तो फिरला नाही. मांड्यांपर्यंत गेला, कमरेपर्यंत गेला, एक लाट छातीवर घेतली, सावरला, आणखी पुढे गेला. त्याच्यापुढे आता फक्त ते नखाएवढं जहाज होतं.

काठावर आबांचा धीर सुटला. ते घोट्यापर्यंत पाण्यात धावले आणि ओरडले, "पुरे रे, बाबा! आता फुडे जाव नको, मागे ये!"

नितेशने नारळ लाटेपलीकडे सोडला. ओहोटीने तो उचलला आणि आत आत नेला. तो दिसेनासा होईपर्यंत नितेश बघत राहिला, आणि मग मागे न वळता, वाऱ्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"व्हय म्हाराजा!"